वेगाने वाढणाऱ्या रिमोट स्टार्टअपमधलं सेल्स : शब्द आपण द्यायचा, पाळायचा कोणी?

येरळाकाठ

नमस्कार मंडळी. हे लिहू की नको यात दोन महिने गेले. नोकरी अजून चालू आहे, त्यामुळे कंपनीचं नाव लिहीत नाही. कृपया कोणी अंदाजही बांधू नका.

मी सांगलीत घरून काम करते. कंपनी बंगळुरूची, कृषी सेवा केंद्रं आणि खत-औषधांचे डिस्ट्रिब्युटर यांना बिलिंगचं आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर विकते. मी लागले तेव्हा २२ जण होतो, सव्वा वर्षात १४० झालो. सेल्सची टीम अख्खी घरून. कोणी जळगावला, कोणी हुबळीला, कोणी राजकोटला. एकमेकांना आम्ही स्क्रीनवरच्या चौकोनातच पाहिलंय.

अशा ठिकाणचा गोंधळ इथल्या बऱ्याच जणांनी अनुभवला असेल. सव्वा वर्षात माझे चार मॅनेजर झाले. प्रत्येकाने आल्या आल्या लीडचं (होऊ शकणाऱ्या ग्राहकांचं) शीट नाहीतर सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवायचं सॉफ्टवेअर) बदललं आणि जुन्यातून नव्यात नेताना फॉलोअपच्या नोंदी गळाल्या. जतच्या एका दुकानदाराला एकाच दिवशी आमच्या तिघांचे फोन गेले, तिघांनी तीन किमती सांगितल्या: १२,०००, ९,००० आणि 'पहिलं वर्ष फुकट'. त्यांनी मलाच उलटा फोन करून विचारलं, "ताई, तुमच्यात मालक नक्की कोण आहे?" सकाळी स्टँडअप मीटिंग, संध्याकाळी रिव्ह्यू, मध्ये 'पाच मिनिटं येऊन जा' म्हणून दोन-तीन कॉल. फोन करायला वेळ मिळतो तो दुपारी, तेव्हा दुकानदार जेवायला घरी गेलेला असतो.

हे सगळं मी निभावून नेते. लग्नघरातही गोंधळ असतोच. मला सांगायचंय ते वेगळं आहे.

आमच्या भागात सॉफ्टवेअर कसं विकलं जातं ते आधी सांगते. डेमो सुरू होऊन दहा मिनिटं झाली की समोरून प्रश्न येतो, "कुठल्या गावच्या तुम्ही?" मी माहेरचं गाव सांगते, तासगाव तालुक्यातलं. मग "कुणाच्यातल्या?" मग वडिलांचं नाव, काकांची द्राक्षबाग, आणि कुठलातरी पाहुणा निघतोच. त्यानंतर समोरचा माणूस स्क्रीनकडे फारसं बघत नाही. "तुम्ही म्हणताय ना, मग घेऊ." असे ६४ ग्राहक मी केले. कंपनीच्या नकाशावर मिरज, तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ हिरवे झाले त्यात माझ्या वडिलांच्या नावाचा वाटा आहे.

आता घटस्थापनेचं सांगते. ३ सप्टेंबर २०२५च्या रात्री जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, लागू व्हायचे होते २२ सप्टेंबरला. म्हणजे हातात १९ दिवस. आमच्या ग्राहकांपुरते बदल थोडेच होते, पण किचकट. खतं आधीपासून ५ टक्क्यांत, ती तशीच. सूक्ष्म अन्नद्रव्यं, ठिबकचं साहित्य, जैविक कीटकनाशकं १२ वरून ५ वर. रासायनिक औषधं १८ वरच. मी त्याच आठवड्यात प्रॉडक्ट टीमला लिहून विचारलं. उत्तर आलं, "आपोआप अपडेट होईल, ग्राहकांना कळवून टाका." मी ६४ जणांना एकेक करून फोन केले. सगळ्यांना सांगितलं, "२२ला दुकान उघडाल तेव्हा दर बदललेले असतील. तुम्हाला काही करावं लागणार नाही."

२२ला सकाळी ९ वाजून १० मिनिटांनी कवठेमहांकाळकडच्या एका दुकानातून फोन. गिऱ्हाईक समोर उभं आणि ट्रायकोडर्माच्या (जैविक औषधाच्या) बिलावर अजून १२ टक्के. मी घट बसवत होते. हाताला माती तशीच, उठले. दुपारपर्यंत ४१ फोन आले. प्रॉडक्टच्या चॅनलवर विचारलं तेव्हा कळलं, हे काम ज्या दोघांकडे होतं त्यांना दहा दिवसांपूर्वीच इन्व्हेस्टरला दाखवायच्या व्हॉइस बिलिंगवर घेतलं होतं. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण सांगायचं कोणी हे ठरलेलंच नव्हतं. मी एनीडेस्कवरून एकेका दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून एकेक आयटमचा दर हाताने बदलला. रात्री साडेअकरापर्यंत १७ दुकानं झाली. बाकीच्यांनी त्या दिवशी कार्बन घालून बिलं लिहिली.

मोठा घोटाळा झाला २४ तारखेला. त्या दिवशी अपडेट आला आणि त्यात ३८०८ या एचएसएन कोडचा (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराला दिलेल्या क्रमांकाचा) दर सरसकट ५ टक्के केलेला होता. ३८०८ मध्ये ट्रायकोडर्मा आणि निंबोळीची औषधं येतात, तशीच रासायनिक बुरशीनाशकं, कीटकनाशकं, तणनाशकंही येतात. कोड एक, दर दोन. औषधाच्या दुकानात महिनाभर काम केलेल्या पोरालाही हे माहीत असतं. मी हाताने बरोबर केलेल्या १७ दुकानांतलंही त्या अपडेटने पुसून टाकलं. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी तोंडावर, डाऊनी या बुरशीच्या रोगावरच्या औषधांना उठाव, आणि १८ टक्क्यांच्या मालाची बिलं ५ टक्क्यांनी निघत होती. दोन दिवसांनी एका डिस्ट्रिब्युटरच्या अकाउंटंटच्या नजरेला आलं. तोवर गेलेल्या बिलांवरचा फरक दुकानदारांच्या अंगावर.

११ ऑक्टोबरला जीएसटीआर-१ ची, म्हणजे महिन्याच्या विक्रीचं विवरण भरायची, मुदत. त्याआधी प्रत्येकाच्या चुकलेल्या बिलांची यादी मी काढून दिली, डिस्ट्रिब्युटरांना डेबिट नोट कोणाकोणाला द्यायची तेही लिहून दिलं. तरी ९ जणांनी सॉफ्टवेअर बंद केलं. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

नोव्हेंबरच्या पगारातून ११,७०० रुपये कापून आले. कारण: ९० दिवसांच्या आत ग्राहक गेला तर त्याचा इन्सेंटिव्ह परत. हा नियम मी लागले तेव्हा नव्हता. ऑगस्टमध्ये स्लॅकवर (ऑफिसच्या चॅटवर) टाकला होता म्हणे. मी शोधून काढला तर त्या मेसेजखाली 'एडिटेड' असं लिहिलेलं होतं.

पैशांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लागलं ते कवठेमहांकाळच्या काकांचं बोलणं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सॉफ्टवेअरचं मला काय कळत नाही ताई. मी तुमच्या वडिलांचं नाव ऐकून घेतलं होतं."

जे तयार नाही ते विकणार नाही म्हटलं तर टार्गेट जातं. विकलं तर हे असं होतं. तुमच्यापैकी जे अशा ठिकाणी आहेत ते कसं करतात?

---

आठवा_माणूस

वाचून वाईट वाटलं. तरी दुसरी बाजू मांडतो, कारण मी आज जो काही आहे तो अशाच एका कंपनीमुळे आहे.

पुण्यातल्या एका स्टार्टअपमध्ये मी आठवा माणूस होतो. प्राइस लिस्ट नव्हती, मी केली. डेमोची स्क्रिप्ट नव्हती, मी लिहिली. पहिल्या ३० ग्राहकांची ऑनबोर्डिंग मी फोनवर बसून केली. मोठ्या कंपनीत असतो तर पाच वर्षं एकाच तालुक्यात कोटेशन पाठवत बसलो असतो. इथे अडीच वर्षांत मी ११ जणांची टीम सांभाळतोय. कंपनी दर तिमाहीला दुप्पट होत असेल तर आज बसवलेली घडी तीन महिन्यांत मोडणारच. त्याला कोणाचा दोष म्हणता येत नाही, अंगावरचा सदरा लहान होतो तसं ते आहे.

तुमच्या गोष्टीत मला एकच खटकलं. प्रॉडक्टच्या एका ओळीच्या उत्तरावर तुम्ही ६४ फोन केलेत. २०-२१ तारखेला एका टेस्ट अकाउंटवर स्वतः बघून घेतलं असतं तर? सेल्सच्या माणसाने प्रॉडक्ट स्वतः वापरून बघितल्याशिवाय शब्द देऊ नये, हे मी माझ्या टीमला पहिल्या दिवशी सांगतो.

---

रात्रपाळी

येरळाताई, अगदी जवळचं वाटलं.

मी नाशिकहून अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर विकते. तिथल्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. २ नोव्हेंबरला तिकडची घड्याळं एक तास मागे गेली. आमच्या बुकिंगच्या शीटमध्ये वेळ भारतीय लिहायची की तिकडची, हे टीममध्ये ठरलेलंच नव्हतं. निम्म्यांनी एक लिहिली, निम्म्यांनी दुसरी. त्या आठवड्यात माझे २३ पैकी १४ डेमो चुकले. आम्ही तासभर आधीच येऊन थांबलेलो, आणि डॉक्टर पेशंट सोडून स्क्रीनसमोर येईपर्यंत आम्ही निघून गेलेलो. रिव्ह्यूमध्ये माझ्या नावापुढे लाल खूण आली, 'नो शो ६१ टक्के'.

रिमोटमध्ये सगळ्यात जास्त त्रास मला याचा होतो की चूक कुठे झाली हे कोणाच्या डोळ्यांसमोर घडत नाही. ऑफिसात असते तर शेजारच्या टेबलावरचीने पाहिलं असतं की ही बाई सात वाजल्यापासून हेडफोन लावून थांबली आहे. घरी फक्त माझ्या सासूबाईंनी पाहिलं. पहाटे साडेतीनला त्या मला चहा करून देतात, आणि एकदा त्यांनीच विचारलं, "तुमच्या साहेबांना सांग की एक कागद भिंतीला लावा, कुठली वेळ ते." मी तेच केलं. टीमसाठी एक पानाचं वेळेचं कोष्टक केलं, मॅनेजरला न विचारता सगळ्यांना पाठवलं. आज तेच वापरात आहे.

---

ताळेबंद

मी सीए आहे, सोलापुरात. पगारकपातीबद्दल थोडं लिहिते, सविस्तर सल्ल्यासाठी कागद बघावे लागतील.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या आहेत. वेतन संहितेनुसार पगारातून कशाकशासाठी कापता येतं याची ठरलेली यादी आहे, आणि सगळ्या कपाती मिळून त्या महिन्याच्या वेतनाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ शकत नाहीत. आधीचा १९३६चा कायदा महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या वेतनालाच लागू होता, ती मर्यादा आता नाही.

कमिशनचं मात्र नीट समजून घ्या. संहितेच्या व्याख्येत कमिशन 'वेतन' धरलं जात नाही. फक्त वेतनातून वगळलेल्या अशा बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेल्या तर वरचा भाग वेतनात मिळवला जातो. त्यामुळे मूळ पगार १५ आणि 'इन्सेंटिव्हसकट ४५' अशी ऑफर देणाऱ्या कंपन्यांना आता विचार करावा लागेल. तुमच्या बाबतीत इन्सेंटिव्ह कमी देणं वेगळं आणि आधी दिलेला इन्सेंटिव्ह पगारातून वळता करणं वेगळं. कंपनी म्हणेल, जादा दिलेली रक्कम परत घेतली. तेव्हा प्रश्न येतो की तो नियम तुम्हाला कधी आणि कोणत्या स्वरूपात कळवला. 'एडिटेड' मेसेजचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवा. ऑफर लेटर, रुजू होतानाची इन्सेंटिव्हची पीडीएफ आणि सगळ्या पगाराच्या स्लिपा स्वतःच्या मेलवर असू द्या. कंपनीचा मेल राजीनाम्याच्या दिवशी बंद होतो, माझ्याकडे येणारे निम्मे लोक तिथेच अडकलेले असतात.

अजून एक. तुम्ही सुरुवातीपासून कर्मचारी आहात की 'कन्सल्टंट'? २० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला पीएफ लागू होतो. घरून काम करता म्हणून त्यातून सुटका नाही.

---

येरळाकाठ

@ताळेबंद, पहिले सहा महिने कन्सल्टंट होते, १० टक्के टीडीएस कापून पैसे यायचे. त्यानंतर कर्मचारी केलं आणि पीएफ सुरू झाला. इन्सेंटिव्हची जुनी पीडीएफ आहे माझ्याकडे, त्यात परत घेण्याचा उल्लेख कुठेही नाही. मनापासून आभार. काल रात्रीच सगळं एका फोल्डरमध्ये घालून ठेवलं.

@आठवा_माणूस, तुमचं म्हणणं मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरले. टेस्ट अकाउंट आम्हाला नाही, सेल्सला डेमोचंच अकाउंट मिळतं आणि त्यात दर हाताने घातलेले असतात. पण तुम्ही म्हणता ते तरीही खरं आहे. २१ला रविवार होता, मी एका ओळखीच्या दुकानदाराला तारीख पुढे करून एक बिल काढून बघायला सांगू शकले असते. नाही सुचलं.

फक्त सदऱ्याच्या उदाहरणाशी मी सहमत नाही. सदरा घट्ट झाला की घालणाऱ्याला टोचतं. इथे माणसं वाढली कंपनीची, आणि टोचलं कवठेमहांकाळच्या काकांना. ११८ माणसं जास्तीची घेतली, त्यातलं एकही माणूस 'दर बदलले का' हे बघायला नव्हतं.

@रात्रपाळी, तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगा.

---

नीरेचं_पाणी

माझं स्वतःचं कृषी सेवा केंद्र आहे, इंदापूर तालुक्यात. गिऱ्हाईक म्हणून लिहितो.

सहा वर्षांत तीन सॉफ्टवेअर झाली. पहिलं ज्या पोराने दिलं तो चार महिन्यांत दुसऱ्या कंपनीत गेला. त्याचा नंबर लागायचा, पण "दादा, मी आता तिथं नाही" म्हणायचा. त्याच्यावर राग नाही, पोटासाठी गेला. पण माझा दोन वर्षांचा स्टॉक त्या सॉफ्टवेअरमध्ये अडकला. बाहेर काढायचं बटणच नव्हतं. औषधाचा बॅच नंबर, एक्स्पायरी, सगळं पुन्हा रजिस्टरवरून भरलं, मी आणि बायको, पंधरा दिवस दुकान बंद झाल्यावर रात्री.

दुकानात खताला सरकारी पॉस मशीन वेगळं, त्यावर शेतकऱ्याचा आधार आणि अंगठा. लायसन्स तीन, बियाणं, खत आणि कीटकनाशकाचं. कृषी अधिकारी आला की साठा रजिस्टर आणि प्रत्यक्ष माल जुळला पाहिजे. तिथं दोन पोती कमी निघाली तर सॉफ्टवेअरवाला येत नाही उत्तर द्यायला. म्हणून आम्ही कंपनी बघत नाही, माणूस बघतो. फोन उचलणारा हवा.

ताई, तुम्ही त्या दिवशी रात्री साडेअकरापर्यंत बसलात हे तुमच्या १७ दुकानदारांना माहीत आहे. ते विसरणार नाहीत. आणि जे नऊ गेले ते सॉफ्टवेअरवर गेले, तुमच्यावर नाही.

आता मी घेताना तीन गोष्टी बघतो. माझा सगळा डेटा एक्सेलमध्ये काढून दाखव. मागचं चुकलेलं बिल दुरुस्त करून दाखव. आणि तू गेलास तर कोणाला फोन करायचा त्याचा नंबर दे, आत्ता माझ्यासमोर लावून दे. तिसऱ्या गोष्टीला बहुतेक जण गडबडतात.

---

तिकीट_खिडकी

मी सपोर्टमध्ये आहे, अशाच एका कंपनीत, वेगळ्या क्षेत्रात. येरळाताईंनी जे सांगितलं त्याचं दुसरं टोक आमच्याकडे येतं.

ग्राहकाचं तिकीट, म्हणजे तक्रार, येतं, "तुमच्या माणसाने सांगितलं होतं की हे होतं." आम्ही बघतो तर ते कधीच होत नव्हतं. सेल्सवाल्याला विचारावं तर तो म्हणतो डेमोत फाउंडरने स्वतः दाखवलं. फाउंडर म्हणतो ते रोडमॅपवर (पुढे करायच्या कामांच्या यादीत) आहे. 'रोडमॅपवर आहे' हा शब्द मराठीत ग्राहकाला सांगताना 'येतंय' होतो, आणि ग्राहक ऐकतो 'आलंय'. माझ्या चार वर्षांतली बहुतेक भांडणं या एका वाक्यातून सुरू झाली आहेत.

आम्ही शेवटी एक यादी केली, फक्त 'आज काय होत नाही' याची. पहिल्या दिवशी ३७ ओळी झाल्या. सेल्स हेड नाराज झाले, म्हणाले अशी यादी बघून कोण विकेल. पण दोन सेल्सच्या पोरी ती प्रिंट काढून समोर ठेवून बोलायला लागल्या. ग्राहकाने विचारलं की सरळ "हे आज नाही" म्हणायच्या. त्यांचे सौदे कमी झाले का? पहिल्या महिन्यात झाले, खोटं कशाला सांगू. पण त्यांच्या ग्राहकांची तिकिटं आमच्याकडे फार कमी येतात. यादी दर शुक्रवारी मी स्वतः बघते आणि जी ओळ खरोखर सुटली तीच खोडते. प्रॉडक्टवाल्याच्या सांगण्यावर खोडत नाही, स्वतः करून बघून खोडते.

यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्याकडे सपोर्टमध्ये कोणीतरी असेलच जिला हे हवंय. तिला शोधा.

---

टॉवरखाली

एक वेगळा मुद्दा, धाग्यात राहून जाऊ नये म्हणून. तुम्ही सगळे फोन कोणत्या नंबरवरून करता? बऱ्याच स्टार्टअपमध्ये पोरांना स्वतःच्या सिमवरून दिवसाला शंभर-शंभर फोन करायला लावतात.

प्रमोशनल कॉलसाठी १४० ने सुरू होणारी मालिका आहे आणि नोंदणी लागते. ऑगस्ट २०२४मध्ये ट्रायने (दूरसंचार नियामकाने) आदेश काढला की नोंदणी नसताना असे कॉल करणाऱ्यांची सगळी कनेक्शन तोडायची आणि दोन वर्षांपर्यंत काळ्या यादीत टाकायचं. सिम तुमच्या नावावर असेल तर अडचण तुमची होते. बँक, आधार, मुलांच्या शाळेचे मेसेज, सगळं त्याच नंबरवर असतं. कंपनीकडून कामाचा नंबर लेखी मागून घ्या.

---

येरळाकाठ

@टॉवरखाली, हे मला अजिबात माहीत नव्हतं. स्वतःच्याच नंबरवरून करते. गेल्या दिवाळीत आत्याच्या मोबाइलवर माझा फोन गेला तर तिथे लाल पट्टीत 'स्पॅम' आलं. तिने उचलला नाही. नंतर काळजीने वडिलांना विचारलं की पोरीचा नंबर कोणी चोरला का. आज मेल करते नंबरसाठी.

---

आठवा_माणूस

येरळाताई, सदऱ्याचं उदाहरण मागे घेतो. तुमचा प्रतिसाद वाचल्यावर मी माझ्या टीमच्या गेल्या तिमाहीतले परत गेलेले ग्राहक काढले. ११ पैकी ६ जणांना आम्ही 'पुढच्या महिन्यात येतंय' असं सांगितलेलं होतं, आणि ते सांगायला टीमला मीच सांगितलं होतं. त्या सहाही जणांचा इन्सेंटिव्ह माझ्या पोरांकडून परत घेतला गेला. माझा बोनस मात्र टीमच्या बुकिंगवर होता, तो कापला गेला नाही. हे मी आमच्या फाउंडरसमोर ठेवणार आहे. ग्राहक प्रॉडक्टमुळे गेला तर परतफेड सेल्सच्या पोराकडून घ्यायची नाही, एवढं तरी बदलून घेईन.

@तिकीट_खिडकी, ती यादी कशी मांडता त्याचा नमुना इथे देता येईल का, कंपनीचं काही न उघडता?

---

तिकीट_खिडकी

देते. चार रकाने आहेत: ग्राहक कोणत्या शब्दांत विचारतो, आज काय होतं, आज काय होत नाही, आणि मी शेवटचं कधी करून पाहिलं ती तारीख. पहिला रकाना महत्त्वाचा. आमच्या यादीत 'मल्टी लोकेशन इन्व्हेंटरी' असं लिहिलं होतं, त्यामुळे कोणाला सापडायचंच नाही. ग्राहक विचारतो, "गोडाऊनचा माल वेगळा दिसेल का?" तसंच लिहिलं तेव्हा कुठे लोक वापरू लागले.

---

कृष्णाकाठचा

वाचतोय. मीही मिरजेचा, औषधांच्या डिस्ट्रिब्युटरकडे अकाउंट्स बघतो. त्या आठवड्यात ३८०८ची बिलं आमच्याकडेही चुकली होती, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. म्हणजे घाई सगळ्यांनीच केली. आम्हाला मात्र यादी काढून द्यायला कोणी आलं नाही.

---

येरळाकाठ

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी परत लिहितेय, काय झालं ते सांगायला.

११,७०० बद्दल मी जुन्या पीडीएफसकट एचआरला मेल केला. पहिल्यांदा 'बघतो' आलं, मग दहा दिवस काहीच नाही. दुसऱ्या मेलमध्ये @ताळेबंद यांनी सांगितलेला मुद्दा घातला, की नियम मला कोणत्या तारखेला कोणत्या स्वरूपात कळवला ते द्या. त्यावर ९ पैकी ५ ग्राहकांची रक्कम परत मिळेल असं उत्तर आलं, उरलेल्या चौघांचं 'धोरणानुसार'. मी अजून मान्य केलेलं नाही. कामाचा नंबर मिळाला. १४०चा नाही, साधाच, पण कंपनीच्या नावावर. नोंदणीचं विचारलंय.

आमच्या सपोर्टमध्ये हुबळीची एक मुलगी आहे. तिला मी तो चार रकान्यांचा नमुना पाठवला. तिने तासाभरात १९ ओळी कानडीत लिहून पाठवल्या आणि खाली इंग्रजीत विचारलं, मराठीत ग्राहक हे कसं विचारतो? रोज रात्री जेवणानंतर आम्ही अर्धा तास फोनवर बसतो आणि एकेक ओळ करून बघतो. सध्या २८ झाल्यात.

मागच्या रविवारी स्कूटरवर कवठेमहांकाळला गेले. चुकलेल्या बिलांच्या फरकाचा हिशोब मी छापून नेला होता, ६,२१५ रुपये. एवढे पैसे देणं मला शक्य नव्हतं आणि कंपनीने नकार दिला होता, ते मी त्यांना तसंच सांगितलं. काका कागद बघत बसले, चष्मा काढून पुन्हा घातला. मग म्हणाले, "हे कागद माझ्या पोराला समजावून सांगा, तो आता दुकानात बसतो." दीड तास मी त्याला ३८०८ समजावत होते. सॉफ्टवेअरचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही.

@नीरेचं_पाणी, तुमची तिसरी अट मी माझ्या वहीत लिहून घेतली. हुबळीच्या मुलीचा नंबर मी आता डेमोतच ग्राहकाच्या मोबाइलवरून लावून देते. ती मराठी शिकतेय. "बोला दादा" एवढं छान म्हणते.

उद्या पलूसला ठिबकच्या दुकानात डेमो आहे. त्यांनी आधीच तीन प्रश्न विचारलेत. दोन आम्ही करून बघितलेत, होतात. तिसरा, जुना स्टॉक १२ टक्क्यांनी घेतलेला आणि आता ५ टक्क्यांनी विकायचा तर खरेदीच्या वेळचा दर स्टॉकमध्ये दिसेल का, हे आज रात्री बघू. नाही झालं तर सकाळी निघायच्या आधी त्यांना फोन करेन.